वाघ सोडून बाकी सगळं : झाडीपट्टीतला मार्च

माझा भाचा चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीकडे वन्यजीवांच्या एका अभ्यास प्रकल्पावर आहे. जंगलात कॅमेरे बांधायचे, कार्डं काढून आणायची आणि रात्री बसून फोटो निवडायचे, हे त्याचं काम. दिवाळीला अकोल्याला आला की "मामा, एकदा या ना तिकडं" हे ठरलेलं. आम्हा पश्चिम विदर्भातल्या लोकांना वन्यप्राणी म्हणजे रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर. एक तूर खातं, दुसरं भुईमूग उकरतं. त्यांच्याबद्दल प्रेमानं बोलणारा माणूस आमच्या गावात सापडायचा नाही. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलांच्या आणि भाताच्या मुलखात, धानाच्या बांधीतून (भाताच्या खाचरातून) वाघ जातो आणि तरी माणसं तिथंच राहतात, हे मला जवळून बघायचं होतं. गुढीपाडव्याच्या आधीचा आठवडा रिकामा मिळाला. भाच्याला एकच अट घातली : सफारी अगदी शेवटी. आधी जंगल सांभाळतात म्हणजे नेमकं काय करतात, ते दाखव.

सोमवार : नागपूर, साकोली, नवेगावबांध

नागपूरला सकाळी तर्री-पोहे खाऊन भंडाऱ्याच्या रस्त्यानं एसटीनं साकोली, तिथून दुसऱ्या गाडीनं नवेगावबांध. प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. शेजारच्या गृहस्थांनी साकोलीपर्यंत खर्रा (सुपारी-तंबाखू) घोटला आणि तीनदा मला देऊ केला, एवढंच.

साकोलीच्या पुढं रस्त्याचा रंग बदलतो. पळस फुलून गळायला लागला होता, मोहाखाली पिवळट सडा पडायला सुरुवात झाली होती. बांध्यांमध्ये धानाची खुंटं आणि मधूनमधून लाखोरीचे, म्हणजे उभ्या धानातच पेरलेल्या (उतेऱ्याच्या) डाळीचे, वाळलेले वेल. आणि तलाव. दर दोन-चार किलोमीटरला एक. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून जास्त माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) ताब्यातले, तलाव आहेत. सगळे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. कोहळी समाजाच्या लोकांनी ते दोन-तीनशे वर्षांपूर्वी बांधले. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी घातला असं सांगतात. बांध काही टिकेना, तेव्हा सातबहिणी देवी मदतीला आल्या. त्या भोवतालच्या डोंगरांवर अजून आहेत आणि कोलू पाटलांचाही देव झाला आहे. धरणाच्या इंजिनिअरचं देऊळ झालेलं मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

भाचा संध्याकाळी आला. मोटरसायकल सिंदेवाही स्टेशनवर लावून रेल्वेनं. जेवायला तलावातल्या मासोळीचा रस्सा आणि भात. भात असा की दोन वेळा घ्यावासा वाटला आणि चार वेळा वाढला गेला. वाढणाऱ्या काकू "घ्या जी, लाजू नका जी" म्हणत राहिल्या. इकडचा हा 'जी' कानाला इतका गोड लागतो की नको म्हणणं अवघड जातं.

मंगळवार : तलावात शेती

वाघांच्या मुलखात आलो आणि भाचा मला पहिल्यांदा घेऊन गेला तो एका आटत आलेल्या तलावावर. अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं छोटं गाव, तलावही छोटा. पहाटे हवा इतकी थंड की अंगावर शाल घ्यावी, आणि साडेनऊला शालीचं काय करायचं हा प्रश्न.

पाच-सहा बाया आणि दोन पुरुष गाळात उभे राहून बेशरम उपटत होते. जांभळी फुलं येणारं, कुठंही उगवणारं हे झुडूप तलावाच्या काठानं माजतं, गाळ धरून ठेवतं आणि मासोळीला अंडी घालायला जागाच ठेवत नाही. ढिवर समाजाच्या मच्छीमार संस्था इथं गेली बरीच वर्षं हे काम करत आहेत. सगळ्यात जुनी दिसणारी आजी कमरेला पदर खोचून वर आली आणि तिनं मला समोर बसवून सांगितलं.

"आधी सरकारी बी टाकलं का नाई जी, रोहू-कतला-मिरगल, तं आम्हाला वाटलं आता मासोळीच मासोळी. मग ग्रासकार्प आला. त्यानं पान्यातलं सारं गवतच खाल्लं. गवत गेलं तं आमची जुनी मासोळी गेली, पाखरं गेली."

मग त्यांनी केलं काय, तर तलावाच्या आटलेल्या तुकड्यात नांगर घातला. दुसऱ्या चांगल्या तलावांतून पाणवनस्पती आणून, जसा धान रोवतात तशा रोवल्या. काही पाण्याखाली राहणाऱ्या, काही तरंगणाऱ्या, काही काठावरच्या; त्यांत देवधान, म्हणजे रानटी भातही. कुठली वनस्पती किती खोलीवर लावायची हे बायांना तोंडपाठ. कारण त्यांच्या सासूबाईंच्या काळी ती कुठं उगवायची हे त्यांनी पाहिलेलं होतं. ग्रासकार्प सोडायचा नाही, अंडी घालायच्या दिवसांत जाळं टाकायचं नाही, हे गावानं ठरवलं. दोन-तीन पावसाळ्यांनी मरळ परत दिसायला लागली. हिवाळ्यात बदकं उतरायला लागली.

मी विचारलं, सारस येतो का?

"माह्या लहानपनी जोडी होती. आता इकडं नाई. गोंदियाकडं आहे म्हनतात."

सारस आता महाराष्ट्रात मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे. परसवाड्याच्या तलावाकडं, वैनगंगा आणि बाघ नदीच्या पट्ट्यात. अलीकडच्या गणनांत जिल्ह्यात तीसच्या आसपास पक्षी निघतात. माणसाएवढा उंच पक्षी, घरटं घालतो ते भर पावसाळ्यात धानाच्या बांधीत, म्हणजे कुणाच्या तरी मालकीच्या शेतात. त्यामुळे सारस वाचवायचा तर अभयारण्याचा उपयोग नाही. त्या शेतकऱ्यानं घरट्याभोवतीचा चार हात धान सोडून द्यायला हवा आणि फवारणी जपून करायला हवी. तिथं काम करणारे स्थानिक स्वयंसेवक नेमकं हेच करतात, शेतकऱ्याला घरट्याचा राखणदार करतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं 2021 मध्ये स्वतःहून याचिका दाखल करून घेतली, तेव्हापासून सरकारी यंत्रणाही हलली.

दुपारी त्याच गावात एका ओसरीवर पडी टाकली होती, तर गप्पा हत्तींवर गेल्या. इथल्या चार पिढ्यांनी हत्ती फक्त देवळात आणि सर्कशीत पाहिलेला. 2021 मध्ये छत्तीसगडकडून वीसेक हत्तींचा कळप गडचिरोलीत आला आणि पुढच्या वर्षी या तालुक्यातही फिरून गेला. कापणी होऊन धानाचे पुंजणे बांध्यांत रचून ठेवलेले असतात, नेमक्या त्या दिवसांत. घरमालक सांगत होते, "वाघ आला तं दार लावून बसता येते. हत्ती आला तं भिंतच नाई राहत." वनखात्यानं पश्चिम बंगालमधून 'हुल्ला पार्टी' बोलावली. मशाली घेऊन हत्तींना वळवणारी, त्यात मुरलेली माणसं. त्यांनी इथल्या पोरांना शिकवलं की हत्तींना हाकलायचं नसतं, त्यांच्या वाटेत गर्दी करायची नसते. मोबाईलवर व्हिडिओ काढायला धावणारे बघे हा हत्तींपेक्षा मोठा ताप होता, यावर ओसरीवर सगळ्यांचं एकमत झालं.

*जाणाऱ्यांसाठी :* नवेगावबांधला बोटीपेक्षा बांधावरून सकाळी पायी फिरण्यात जास्त मजा आहे. पाणपक्षी पाहायचे तर डिसेंबर-जानेवारीत जा. मार्चअखेरीस बहुतेक पाहुणे परतलेले असतात. छोट्या गावांत हॉटेल नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवलं तर कुणाच्या तरी घरी जेवण होतं, पैसे मात्र आग्रह करून द्यावे लागतात.

बुधवार : रेल्वेच्या खिडकीतून

गोंदिया–बल्लारशाह ही रेल्वे म्हणजे झाडीपट्टीची लाल एसटीच. देवलगावला चढलो. अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, आलेवाही, सिंदेवाही. डब्यात सायकलचे टायर, कोंबड्या, परीक्षेला निघालेल्या मुली. वडसा स्टेशनाबाहेर झाडीपट्टी नाटकांची पोस्टरं अजून लटकत होती. नावं वाचूनच करमणूक होते. हंगाम सरत आला होता, नाही तर भाच्याला म्हटलं असतं, वाघ राहू दे, नाटकाला चल.

नागभीडच्या पुढं रूळ जंगलातून जातात. या रुळांवर वाघ, अस्वलं मेलेली आहेत. भाचा खिडकीतून बोट दाखवत होता. "इथून वाघ ओलांडतात. घोडाझरीच्या जंगलातून इकडं, इकडून ताडोब्याकडं." बाहेर पाहिलं तर बांबू, मग बांधी, मग एक पानठेला, मग परत बांबू. नकाशावर ज्याला भ्रमणमार्ग म्हणतात तो हा. मला वाटायचं काही तरी दाट, हिरवं, सलग असेल. प्रत्यक्षात वाघ रात्री पानठेल्याच्या मागून जातो.

गाडीत भाच्यानं जो हिशेब मांडला तो लिहून ठेवतो. महाराष्ट्रात 2006 च्या गणनेत 103 वाघ होते, 2018 मध्ये 312, 2022 मध्ये 444. त्यांतले निम्म्याच्या आसपास एकट्या चंद्रपूर जिल्ह्यात आणि त्यांतले पुष्कळ ताडोब्याच्या बाहेर, ब्रह्मपुरी वनविभागात, म्हणजे या रुळांच्या दोन्ही बाजूंना. ताडोब्याचा गाभा जेमतेम 625 चौरस किलोमीटर. पिल्लू दीड-दोन वर्षांचं झालं की आई त्याला हाकलते आणि ते जागा शोधत निघतं. जागा नसते.

मग गर्दीतल्या वाघिणी उचलून रिकाम्या जंगलात न्या, हा उपाय. मे 2023 मध्ये इकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या. एप्रिल 2024 मध्ये तिसरी सोडली, ती काही दिवसांतच मेलेली सापडली. ताडोब्याची झीनत ओडिशात सिमलीपालला नेली, तर ती तिथून झारखंडात गेली, पश्चिम बंगालात गेली आणि डिसेंबर 2024 च्या अखेरीस बांकुडा जिल्ह्यात बेशुद्ध करून तिला परत आणावं लागलं.

"म्हणजे उपयोग नाही?" मी.

"आहे ना मामा. पण लोकांना वाटते वाघ उचलला का काम झालं. नवीन जंगलात हरणं किती, रानगवा किती, आधीचा वाघ कोण, हे नाही पाहिलं तं ती तिथं राहील कायले? वाघाचं कोणी काही करत नाही. आपण गवताचं करतो, पाण्याचं करतो, माणसांचं करतो. वाघ आपला आपण होते."

सिंदेवाहीला उतरलो तेव्हा दुपारचे दोन आणि बाहेर भट्टी. मोटरसायकलच्या सीटवर आधी पाणी ओतलं, मग बसलो.

संध्याकाळी अवचित आभाळ भरून आलं. वीस मिनिटं वारा, मग बोराएवढ्या गारा. भाच्याच्या खोलीचे पत्रे असे वाजले की बोलणं बंद. घरमालकीणबाई अंगणात वाळत घातलेली मोहफुलं चादरीसकट ओढत आत आल्या आणि अवकाळीला ज्या शिव्या दिल्या त्या लिहिता येणार नाहीत. भिजलेला मोह काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. वनरक्षकाचा मात्र भाच्याला आनंदानं फोन आला : आज रात्री आग लागणार नाही, झोपतो.

गुरुवार : कॅमेरे, मोह आणि पंचनामा

पहाटे पाचला निघालो. रात्रीच्या पावसानं मातीचा वास आणि मोहाचा वास एकत्र झालेला. वाटेत टोपल्या घेऊन बाया मोह वेचायला निघालेल्या, आठ-दहांच्या घोळक्यानं, एकमेकींना हाका मारत. हा घोळका महत्त्वाचा. वाकून, एकटीनं, पहाटेच्या अंधुक उजेडात फुलं वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मोहाचे आणि पुढं मे महिन्यात तेंदूपत्त्याचे दिवस म्हणूनच वाईट. प्रत्येक गावात आता प्राथमिक प्रतिसाद दलाची चार-पाच पोरं असतात. टी-शर्ट, शिटी, काठी, मोबाईल. वाघ कुठल्या बाजूला दिसला हे ती आदल्या संध्याकाळी गावात सांगतात. त्यांतला एक आमच्याबरोबर होता. आयटीआय झालेला, वीस-बावीसचा. त्याचं सर्वांत अवघड काम कोणतं विचारलं, तर वाघ नाही म्हणाला. वाघानं बैल मारला की गाव जमतं, दगड मारायला निघतं. त्या गर्दीला थोपवणं.

कॅमेऱ्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडतात, प्रत्येक चौकोनात वाघाच्या वाटेवर समोरासमोर दोन कॅमेरे, गुडघ्याएवढ्या उंचीवर. दोन का, तर वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगवेगळे असतात. दोन्ही बाजू एकाच वेळी मिळाल्या तरच ओळख पक्की. असे निदान 25 दिवस ठेवतात. याशिवाय वनरक्षक आपापल्या बीटात (वाट्याच्या जंगलात) ठरलेल्या वाटा चालून विष्ठा, ओरखडे, पगमार्क (पंजाचे ठसे) नोंदवतात आणि सरळ रेषेत चालून चितळ-सांबर मोजतात, कारण वाघ किती राहू शकतील हे शेवटी खाणं किती आहे त्यावर ठरतं. पौर्णिमेच्या मचाणावरून पाणवठ्यावर होणारी मोजदाद आता हौशी लोकांच्या अनुभवापुरती उरली आहे. तिच्यावरून आकडा काढत नाहीत.

माझ्या हातात भाच्यानं एक कार्ड दिलं आणि खोलीवर लॅपटॉपला लावून दाखवलं. बकऱ्या. बकऱ्या. गुराखी. गुराख्याचा कुत्रा, नाक कॅमेऱ्याला लावून. मोटरसायकलवर तिघं. सायाळ. परत बकऱ्या. अस्वलाची पाठ. मग रात्री दोन सतराला एक वाघीण, आणि त्याच वाटेवर, त्याच कॅमेऱ्यात, पहाटे पाच चाळीसला टोपली घेतलेली बाई. दोघींच्या मध्ये जवळपास साडेतीन तास. भाच्यासाठी हे रोजचं. मी तो फोटो बराच वेळ बघत बसलो.

दुपारी एका गावात पंचनामा चालला होता, तिथं थांबलो. गायीची शिकार. वनरक्षक ताई तिशीच्या, टोपीखाली ओढणी बांधलेली, कागद भरत होत्या : दातांच्या खुणा, ओढत नेल्याच्या खुणा, फोटो, दोन पंच. मालकाचं म्हणणं, गाय दुभती होती, पैसे कधी मिळतील? ताई म्हणाल्या, "काका, जनावर तिथंच राहू द्या, हलवू नका. कोनी त्यावर औषध टाकलं तं पैसेबी जातील अन् तुम्हीबी आत जासान." औषध म्हणजे विष. शिकारीवर विष टाकलं की वाघ मरतो आणि त्याआधी गिधाडं मरतात. माणूस गेला तर आता 25 लाख मिळतात. त्या गावात दोन वर्षांपूर्वी एक गुराखी गेलेला. त्याच्या घराकडं बोट दाखवून काकांनी आवाज खाली आणला आणि म्हणाले, पैसे आले, पोराचं शिक्षण चालू आहे, पन बाई आता जंगलाकडं पाठ करून बसते.

माझं मत विचाराल तर भरपाई वाढवली ते चांगलंच. पण गाय गेल्यावर येणारे पैसे आणि गाय घरीच राहावी म्हणून येणारे पैसे यांत मला दुसरे जास्त महत्त्वाचे वाटतात. गॅस आला की सरपणाला जाणं कमी होतं, गोठ्याला जाळी बसली की गुरं रात्री सुरक्षित. जन-वन विकास योजनेतून असं बरंच झालेलं दिसलं. सौर कुंपणंही. त्याच्याच शेजारी कुणी तरी चोरून थेट वीज तारेत सोडतो रानडुकरांसाठी आणि त्यात वाघ सापडतो, कधी शेतकरी स्वतः. झटका मशीन वेगळं, ते फक्त हिसका देतं. थेट लाईन जीव घेते. आमच्या अकोल्याकडंही हेच चालतं, फक्त तिथं तारेला वाघ लागत नाही म्हणून पेपरात येत नाही.

रात्री जेवायला घरमालकीणबाईंकडं. लाखोरीच्या डाळीचे वडे, सांबार (कोथिंबीर) घातलेली वांग्याची भाजी, आणि वाचवलेल्या मोहाचे भाजून तिळाबरोबर कुटलेले लाडू. मोहाचा लाडू पहिल्या घासाला विचित्र लागतो, तिसऱ्याला सुटत नाही.

*जाणाऱ्यांसाठी :* या भागात हौसेनं पायी जंगलात शिरू नका, स्थानिक माणूस बरोबर असला तरी परवानगीशिवाय नाही. अंधार पडल्यावर आडवाटेनं दुचाकी टाळा. कुठं वाघ दिसलाच तर ठिकाणासह फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. दुसऱ्या दिवशी त्या बांधीवर शंभर माणसं उभी राहतात आणि शेतकऱ्याला आपल्याच शेतात जाता येत नाही.

शुक्रवार : ताडोब्याचं कुरण

मोटरसायकलनं मूल गाव, तिथून चंद्रपूर आणि ताडोब्याच्या दारातलं मोहर्ली. सकाळी बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलात, काम बघितलं, दुपारी गाभ्यात सफारी.

ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, महाराष्ट्रातलं पहिलं. सफारीतला गाईड वाघाच्या गोष्टी सांगतो, पण इथल्या वाघांचं अर्धं गुपित गवतात आहे. गाभ्यातली नवेगाव (हे नवेगावबांध नव्हे), जामणी ही गावं बाहेर पुनर्वसित झाली आणि त्यांच्या शेतजमिनींवर आज कुरणं उभी आहेत. नुसती जमीन सोडून दिली तर गवत येत नाही. येतो तरोटा, रानतुळस आणि घाणेरी. तरोट्याची कोवळी भाजी आपण पावसाळ्यात चवीनं खातो, पण चितळ त्याला तोंड लावत नाही.

बफरमधल्या कुरणावर सात-आठ मजूर बाया घाणेरी काढत होत्या. मुकादमीण म्हणावी अशा एक मावशी होत्या, त्यांनी पद्धत दाखवली. वरून तोडली तर दुप्पट फुटते. जमिनीखाली बोटभर, खोड आणि मूळ जुळतं तिथं कुदळीनं तोडायची आणि जुडगं उलटं करून ठेवायचं, मुळ्या आभाळाकडं. मग ती वाळते. तरोटा फुलावर यायच्या आधी, श्रावण-भाद्रपदात उपटायचा. बी पडलं की पुढची वर्षं गेली. दिवाळीनंतर चांगल्या गवताचं, पवन्याचं, मारवेलाचं बी हातानं ओरबाडून गोळा करायचं आणि पहिल्या पावसाआधी पसरायचं. नवं कुरण दोन-एक वर्षं जाळी लावून चरण्यापासून वाचवायचं. कुसळी आली तर मावशींना फारसं आवडत नाही. वाळली की टोचते, जनावर टाळतं. एवढं गवताचं ज्ञान मी कृषी विद्यापीठाच्या शिवारफेरीतही ऐकलेलं नव्हतं. मजुरी विचारली तर मावशी हसल्या. "चितळाले खायाले आम्हीच वाढतो जी, पन गाडीतले लोक आम्हाले हात नाई करत."

पाणवठ्याजवळ सौर पंप होता, बशीसारखा उथळ सिमेंटचा हौद, एका बाजूला उतार. म्हणजे आत पडलेलं पिल्लू बाहेर येऊ शकतं. सगळीकडं असे हौद केले तरी अडचण, असं भाचा म्हणाला. पाणी जागोजाग झालं की जनावरं उन्हाळ्यातही जागा सोडत नाहीत, एकाच जागचं गवत संपवतात. म्हणून काही हौद मुद्दाम कोरडे ठेवतात.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसत होते. या जाळरेषा. आगीचा हंगाम अधिकृतपणे 15 फेब्रुवारीला सुरू होतो. त्याआधीच हे पट्टे आपण जाळून टाकायचे, म्हणजे आग आली तर तिथं अडते. तरी आगी लागतात, त्याही बहुतेक मोहापायी. खालचा पाला जाळला की फुलं वेचायला सोपी जातात. उपग्रहानं आग टिपली की वनरक्षकाच्या मोबाईलवर निरोप येतो आणि पाठीवर ब्लोअर बांधून पोरं धावतात. काही गावांत लोकांना झाडाखाली अंथरायला जाळ्या दिल्या आहेत, पाला जाळायची गरजच नको. मला सगळ्या आठवड्यातली ही सर्वांत शहाणी वस्तू वाटली.

सफारीबद्दल थोडक्यात. मोबाईल गेटवर जमा होतो, उत्तम आहे. ताडोबा तलावाच्या काठी तारू देवाचं ठाणं. वाघाशी झुंजताना मेलेला हा गोंड पुढारी, त्याच्यावरूनच जंगलाचं नाव. रस्त्याकडेचे गोंड राजांचे दगडी खांब. रानकुत्र्यांची टोळी, अकरा, चिखलात लोळणारी. एका वळणावर जिप्सींचा तांडा लागलेला, सगळे उभे, सगळे कुजबुजत : "शेपूट, शेपूट." आमच्या ड्रायव्हरनं घुसायचं का म्हणून मागं पाहिलं, भाच्यानं मान हलवली. आम्ही कुरणाकडं वळलो. तिथं पावणेदोनशे तरी चितळ होती, संध्याकाळच्या उन्हात, पोटापर्यंत गवतात. सकाळी मावशींकडून सगळं ऐकलेलं असल्यानं मी त्यांच्या तोंडात काय आहे तेच बघत होतो.

*जाणाऱ्यांसाठी :* ताडोबा मंगळवारी बंद असतं. आरक्षण सरकारी संकेतस्थळावरूनच करा, मधल्या माणसाकडून नको. मार्च-एप्रिलमध्ये दुपारच्या फेरीला ओला पंचा आणि दोन लिटर पाणी हवंच. बफरची फेरी स्वस्त पडते आणि त्यातला पैसा गावांच्या समित्यांकडंही जातो.

शनिवार : परत

चंद्रपूरहून नागपूर, नागपूरहून अकोला. वाटेत वरोऱ्याला आलूबोंडा आणि कढी. बाकी काही नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी भाच्याचा निरोप आला. गुरुवारी मी ज्या वाटेवर उभा होतो त्या कॅमेऱ्याचं पुढचं कार्ड त्यानं काढलं होतं. वाघीण शुक्रवारी परत गेली, तिच्या मागं दोन पिल्लं. गावातल्या पोरांना सांगितलं, बायांनी मोहाची वाट बदलली. शेवटी त्यानं लिहिलं होतं : मामा, पुढच्या खेपेला येताना सायकलचे जुने ट्यूब आणा, कॅमेरे बांधायला लागतात, इथं महाग मिळतात.